दोघं लागतात

आढावकाका माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी वांग्यांच्या ढिगातून नेमकी डागाळलेली चार वांगी निवडून काढली. मी काउंटरवरून बघत होतो. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये दुकान टाकून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि गिऱ्हाईक कोणत्या हेतूने काय उचलतं हे मला त्याच्या हातांच्या हालचालीवरून कळायला लागलं होतं. खराब माल उचलायचा, काउंटरवर आणून नाक मुरडायचं आणि भाव पाडून मागायचा, ही युक्ती मला कोणी शिकवायची गरज नव्हती. डेट्रॉइटच्या घाऊक बाजारात मी स्वतः तेच करून वर आलो होतो.

म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "अर्ध्या भावात लावतो."

"का?"

"डाग आहेत ना."

"ते मी बघूनच घेतलेत. पूर्ण लाव."

"अहो, मी कमी करतोय."

"मी मागितलं का?"

मला राग आला. भाव कमी करणं न करणं हे माझ्या हातातलं एकमेव हत्यार, आणि हा माणूस ते हातात घेऊच देत नव्हता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चांगली वांगी कोणीही नेईल. ही तू संध्याकाळी फेकून देशील. तीही त्याच झाडाची आहेत."

म्हातारा विक्षिप्त दिसतो, असं मी मनात म्हणालो. पुढची चौदा वर्षं दर शनिवारी सकाळी दहाला ते येत राहिले. पोचे आलेले टोमॅटोचे डबे, एका बाजूने पिवळी पडलेली मेथी, कोपरा फाटलेली रव्याची पिशवी, असलंच सगळं त्यांच्या टोपलीत असायचं. भाव मात्र पूर्ण. चौदा वर्षांत या माणसाशी मला एकदाही घासाघीस करता आली नाही. एकदाच आमचा एक सौदा झाला, तो पैशांचा नव्हता, आणि तो मी मोडला. आयुष्यात दिलेला शब्द मी मोडत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो आहे. म्हणून हे लिहून टाकतो.

त्यांचं पूर्ण नाव शांतवन आढाव. मूळचे राहुरीकडचे. डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून काढली. अंगाने बारीक, रंगाने काळे, शर्टाला कडक इस्त्री. वरच्या खिशात एक पेन आणि एक स्टीलची सहा इंची पट्टी. निवृत्त झाल्यावरही पट्टी सुटली नव्हती. एकदा डाळींच्या शेल्फसमोर उभे राहून म्हणाले, "दिनकर, हे डावीकडे उतरलंय."

"नाही हो."

"मोजून बघ, मग बोल."

'मोजून बघ, मग बोल' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी कोणाबद्दल काही वाईट बोललं तरी तेच म्हणायचे. पुढच्या शनिवारी त्यांनी घरून पुठ्ठ्याची घडी करून आणली, गुडघ्यांवर बसून शेल्फच्या पायाखाली सरकवली, आणि पँट झटकून वांगी निवडायला गेले. ती घडी अजून तिथेच आहे.

काका ख्रिस्ती होते. हे मला कळलं ते नाताळात. त्यांनी दुकानात करंज्या, चिवडा आणि शंकरपाळ्यांनी भरलेला एक डबा आणून ठेवला. मी करंजी तोंडात टाकत म्हणालो, "वा! दिवाळीच्या अजून टिकल्यात?"

"नाताळच्या आहेत. काल तळल्यात."

"नाताळला करंज्या?"

"मग काय करायचं? केक तुझ्या दुकानात मिळतो."

त्यांनी हसत सांगितलं की मराठी मंडळात ते दरवर्षी असा डबा नेतात, आणि दरवर्षी कोणीतरी काकू मोठ्या प्रेमाने विचारते, भाऊजी, दिवाळीचा उरलेला का? त्यांच्या घरी चार पिढ्या नाताळला हाच फराळ होत आला होता. पण मंडळातल्या लोकांच्या डोक्यात ते बसत नव्हतं. जेवणाच्या रांगेत हटकून कोणीतरी आवाज खाली आणून विचारायचं, "काका, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?"

गंमत म्हणजे चर्चमध्येही त्यांना हेच विचारायचे. रविवारी सकाळी ते घराजवळच्या अमेरिकन चर्चमध्ये जात. तिथे गिटार, मोठा पडदा, हातात कॉफीचे कप. नवीन आलेल्या तरुण पाद्र्याने त्यांना गळ घातली की एका रविवारी सगळ्यांपुढे उभे राहून तुमची कहाणी सांगा. हिंदू घरातून तुम्ही प्रभूकडे कसे आलात, ते आमच्या लोकांना ऐकायचंय. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी राहुरीहून आलो. प्रभू आमच्या घरी माझ्या पणजोबांच्या आधीपासून आहे. तुमच्या पणजोबांचं काय, ते मला माहीत नाही." आणि खाली बसले.

"मग लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विनोद केला."

सांगताना ते हसले, मग वांग्यांकडे वळले. मला त्यांचं हसणं पुरं झाल्यासारखं वाटलं नाही. मंडळात ते पाहुणे, चर्चमध्येही पाहुणे. त्यांच्या पत्नी करुणाकाकू होत्या तोवर घरात तरी ते पाहुणे नव्हते. काकू गेल्यावर तिथेही ते एका खुर्चीपुरते उरले असावेत. मुलगी ग्रेस सिअ‍ॅटलला. ती फारशी येत नाही, इतकंच मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचं खरं चर्च टेलिफोनवर होतं. रविवारी दुपारी चार वाजता. अमेरिकेत विखुरलेली मराठी ख्रिस्ती म्हातारी माणसं एका नंबरवर फोन करून एकत्र यायची. काका त्यांच्या जुन्या, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या मराठी बायबलातून वाचायचे. सुरू झालं तेव्हा अकरा जण होते. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मनोरमाबाई, त्या नर्स होत्या. ईडन प्रेरीचं एक जोडपं. बाकीची नावं मला आठवत नाहीत. व्हिडिओवर का करत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तोंड दिसलं की माणसं तोंडच बघत बसतात." फोनवर आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे गाणं एकत्र म्हणता येत नाही. म्हणून एकाने एक ओळ म्हणायची, दुसऱ्याने पुढची. कोणी गेलं की त्याची ओळ शेजारच्याकडे यायची. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते स्वतः एकटे सात ओळी म्हणत होते.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

सुधीर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला मी येवल्याहून इथे आणला, माझ्या घरात ठेवला, माझ्या दुकानात उभा केला. घाऊक बाजारातला कोणता माणूस कोणत्या वाराला नरम असतो, इथपर्यंत सगळं शिकवलं. समोरच्या चौकात मोठ्या साखळीचं दुकान उघडायच्या एक आठवडा आधी त्याने मला सांगितलं की तो तिथे मॅनेजर म्हणून चाललाय. माझ्याकडे आयुष्यभर राहीन, असा शब्द त्याने मला दिला होता. आईसमोर दिला होता. मी त्याची बॅग उचलून घराबाहेरच्या बर्फात फेकली. जानेवारी महिना होता.

तीन दिवसांनी कळलं की तो आढावकाकांच्या बेसमेंटमध्ये राहतोय. सात महिने राहिला.

मी काकांच्या घरी जाऊन दारातच भांडलो. "आमच्या दोघांच्या भांडणात तुम्ही कोण? माझ्या वतीने त्याला माफ करणारे तुम्ही कोण?"

काका शांतपणे म्हणाले, "मी कुठे माफ केलं? त्याने माझं काही बिघडवलेलं नाही. माफ करणं तुझं काम आहे, ते मला करता येणार नाही. मी फक्त पांघरूण दिलं."

"मला विचारायचं होतं आधी."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मी निघून आलो. वाटलं, आता हे गिऱ्हाईक गेलं. शनिवारी दहाला काका आले. पोचा आलेला डबा घेतला, पूर्ण पैसे दिले, शेल्फ सरळ आहे ना ते बघितलं आणि गेले. वर्षभर मी फक्त आकडा सांगायचो. ते मात्र रोजच्यासारखं बोलायचे, मी उत्तर देतोय असं धरून.

एका शनिवारी ते चहाच्या शेल्फजवळ बराच वेळ उभे राहिले. मग काउंटरवर येऊन म्हणाले, "दिनकर, रविवारी चार वाजता तुझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत का?"

"काय पोचवायचंय?"

"काही नाही. फोनवर यायचंय. मनोरमाबाई हॉस्पिटलात आहेत. आता मी एकटाच उरलोय."

"मग एकटे वाचा."

"एकटा मी रोज वाचतो. ती उपासना नव्हे. त्याच्या नावाने दोघं-तिघं जमले तर तो तिथे येतो, असं त्याने सांगितलंय. एकट्याचं काही सांगितलेलं नाही. दोघं लागतात."

मी हसलोच. "काका, मी हिंदू आहे. तुमच्या देवाच्या नावाने मी कसा जमणार? मी मोजला जाईन का?"

"ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "खूप विचार केला. पाद्र्यालाही विचारलं. तो म्हणाला, छान प्रश्न आहे. पण लाइनवर किती जण आहेत ते सांगणारं फोनचं मशीन तुला मोजेल. पुढचं त्याचं तो बघेल."

सौदा दिसला की माझी पाठ ताठ होते. मी म्हणालो, "माझ्या अटी आहेत. मी फक्त ऐकणार, प्रार्थना म्हणणार नाही. कोणाला माझं नाव सांगायचं नाही. आणि मला कधीही चर्चला बोलवायचं नाही."

"कबूल."

इतक्या लवकर कोणी कबूल झालं की मला फसल्यासारखं वाटतं. "तुमची काही अट?"

"एकच. फोन मध्येच ठेवायचा नाही."

"कबूल," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. मी मिळवला. घरी शोभाला, माझ्या बायकोला, सांगितलं तर ती म्हणाली, "हळूहळू ओढतील हं तुम्हाला." मी म्हणालो, "मला ओढायचं असतं तर वांग्यांचे अर्धे पैसे दिले असते."

त्या रविवारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत दह्याच्या डब्यांवरच्या तारखा तपासत कानात इयरफोन अडकवून नंबर लावला. यंत्रातली बाई इंग्रजीत म्हणाली की लाइनवर तुमच्याशिवाय एक जण आहे. टिंग असा आवाज झाला आणि काकांचा घसा साफ झालेला ऐकू आला. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली.

ते काही गाळत नसत. जुन्या भागातलं एक प्रकरण, नव्या भागातलं एक, जिथे मागच्या रविवारी थांबले तिथून पुढे. त्वचेच्या रोगांची लक्षणं आली तर तीही. देवाच्या तंबूला किती पडदे, किती कड्या, किती खांब, हे वाचताना तर त्यांचा आवाज चढायचा. मापं होती ना. शेवटी सगळ्यांनी म्यूट काढून प्रभूची प्रार्थना म्हणायची. आमच्यापुरतं सांगायचं तर ते म्हणायचे आणि मी म्यूटवर गप्प बसायचो. त्या प्रार्थनेत एक ओळ येते. आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही जसं माफ केलं तसं तूही आम्हाला कर, अशा अर्थाची. तिथे काका थांबले. मला वाटलं लाइन कट झाली. बऱ्याच वेळाने ते पुढे गेले.

शनिवारी मी विचारलं. तोवर मी बोलायला लागलो होतो, कधीपासून ते लक्षात आलं नाही.

"त्या ओळीला लाइन जाते का?"

"नाही. मी थांबतो. सगळेच थांबायचे. ती ओळ म्हणायच्या आधी ज्याचं त्याने बघायचं. खोटं बोलून पुढे जायचं नाही."

"तुम्हाला कोणाला माफ करायचंय?"

"तुझ्या तीन अटी होत्या, माझी एक," ते म्हणाले. "त्यात हा प्रश्न बसत नाही."

पुढे मला त्या वाचनाचा नाद लागला. भक्तीचा नाही, भांडायचा. एका रविवारी त्यांनी मळ्यातल्या मजुरांची गोष्ट वाचली. सकाळी मजुरी ठरवून आलेल्यांना जेवढं दिलं, तेवढंच मालकाने दिवस मावळताना तासभर आलेल्यांनाही दिलं. माझं डोकंच फिरलं. शनिवारी काका दारातून आत येताहेत तोच मी सुरू झालो.

"हा काय धंदा झाला? उद्या सकाळी त्याच्याकडे कोण कामाला येईल?"

"तेही बरोबर आहे."

"बरोबर आहे काय? अन्याय आहे हा! दिवसभर उन्हात राबलेल्यांनी काय करायचं?"

काका टोपली खाली ठेवून हसायला लागले. खरंच, पोट धरून. "दिनकर, सत्तर वर्षं मी चर्चमध्ये ही गोष्ट ऐकतोय. कोणाला राग आलेला मी बघितला नाही. सगळे माना डोलवतात आणि कॉफी प्यायला जातात. तू पहिला माणूस ज्याने नीट ऐकलं."

"मग उत्तर द्या ना."

"माझ्याकडे नाही. मी दिवसभर राबणाऱ्यांतलाच आहे. मलाही ती गोष्ट टोचते." मग टोपली उचलून म्हणाले, "पण संध्याकाळपर्यंत ज्यांना कोणी कामाला बोलावलं नाही, ते दिवसभर चौकात उभे राहून काय विचार करत असतील, तेही कधी मोजून बघ."

मनोरमाबाई हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत. काकांनी यादीतून त्यांचं नाव खोडलं नाही. नावापुढे एक ठिपका दिला. असे दहा ठिपके झाले होते. त्यानंतर दीडेक वर्ष आम्ही दोघंच होतो. बाहेर सगळं राखाडी, आत दह्याच्या डब्यांचा थंडावा, आणि कानात राहुरीकडचे हेल. मला सांगायला आवडत नाही, पण आठवड्यातली तेवढीच पंचवीस मिनिटं कोणी माझ्याकडून काही कमी करून मागत नव्हतं.

मग एका रविवारी यंत्रातली बाई म्हणाली की तुमच्याशिवाय दोन जण आहेत. काकांचा आवाज त्या दिवशी हलका झाला होता. गाण्याची एक ओळ ते म्हणत आणि पुढची ओळ यायच्या जागी थांबत. पलीकडचा गात नव्हता, तरी थांबत. शेवटी प्रार्थना आली. ती ओळ आली. शांतता झाली. आणि त्या शांततेत कोणीतरी दोनदा घसा साफ केला. एकदा लहान, एकदा मोठा. तसा घसा आमचे वडील साफ करायचे. त्यांच्यानंतर जगात एकच माणूस तसा करतो.

मी म्यूट काढला. "काका, याला कोणी बोलावलं?"

काका म्हणाले, "ज्याला यायचं तो येतो. दार मी लावत नाही."

"मग मी चाललो."

"दिनकर, प्रार्थना मध्ये आहे."

मी फोन ठेवला.

शनिवारी ते आले. दोन पिचके टोमॅटो, एक डबा. काउंटरवर ठेवून म्हणाले, "एकच अट घातली होती मी."

"तुम्ही मला फसवलंत."

"तुझ्या तीन अटींत तो नव्हता."

आयुष्यभर समोरच्याला कागदावरच्या शब्दात पकडत आलो, आणि मला असं कोणी पकडलं नव्हतं. मी आकडा सांगितला. त्यांनी पूर्ण पैसे दिले. त्यानंतर कित्येक रविवार मी नंबर लावला नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा ते एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "सुधीरची बदली झाली. फ्रिस्कोला. रविवारी त्याची ड्यूटी असते."

"मग आता?"

"आता चार वाजता नंबर लावतो. बाई सांगते, तुम्ही एकटेच आहात. मग पियानो वाजवते."

"आणि?"

"पंचवीस मिनिटं ऐकतो. चांगला वाजवतात."

हे बोलून ते थांबले. मीही थांबलो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मला कोवळ्या वयात कळलं होतं. ते 'ये' म्हणाले असते तर मी गेलो असतो. मी 'येऊ का' म्हणालो असतो तर त्यांनी पुस्तक उघडलं असतं. दोघांपैकी कोणी बोललं नाही. असे अकरा शनिवार गेले. मी मोजले. त्यांनीही मोजले असणार.

काका मार्चमध्ये गेले, झोपेत. चर्चमधला कार्यक्रम सगळा इंग्रजीत झाला. पाद्र्याने चांगले शब्द वापरले, पण राहुरीचा उच्चार चुकवला. ग्रेस आली होती. वडिलांसारखीच बारीक, वडिलांसारखीच सरळ उभी. तिला मराठी वाचता येत नाही. ते तपकिरी कव्हरचं पुस्तक हातात घेऊन ती आमच्यात आली आणि तिने इंग्रजीत विचारलं, कोणी वाचेल का? तिथे मराठी माणसं दोनच होती. एका बाकावर मी, आणि मधली वाट सोडून पलीकडच्या बाकावर टेक्सासहून आलेला सुधीर. मी पाय हलवायच्या आत तो उठला. त्याने प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली, आणि त्या ओळीपाशी येऊन थांबला. लोकांना वाटलं, पुढचं विसरला. कोणीतरी हळूच खोकलं. तो का थांबलाय हे त्या सगळ्या चर्चमध्ये एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस बाकाच्या लाकडाकडे बघत होता.

नंतर कॉफीच्या टेबलाशी ग्रेस मला म्हणाली की तो फोन नंबर तिनेच काढून दिला होता. तिने चर्च सोडलं म्हणून बाप-लेकीत चार वर्षं बोलणं नव्हतं. काकांनी बंद केलं होतं, तिने नाही. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. सॉरी वगैरे काही नाही. म्हातारी माणसं फोनवर जमवायची असतील तर काय करावं लागतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, मला कळलं की हेच त्यांचं सॉरी आहे. मग तिने विचारलं की नंबर आता बंद करू का. मी म्हणालो, राहू दे.

सुधीरशी मी बोललो नाही. अजून बोललेलो नाही. त्याने शब्द मोडला होता हे खरंच आहे, आणि मी ते विसरलेलो नाही.

पण मला काका आठवतात ते त्या चर्चमधले नाहीत. ते गेले त्याच्या दोन आठवडे आधीच्या रविवारचे. त्या शनिवारी ते दुकानात आले नव्हते. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बर्फ होतं, रस्ते घसरडे होते, मी म्हटलं त्यामुळे असेल. रविवारी दुपारी मी एका खोक्यात चार डागाळलेली वांगी, पोचा आलेला डबा आणि चहा भरला आणि दुकानाची व्हॅन घेऊन त्यांच्या घरी गेलो. खोकं दारात ठेवायचं, घंटी वाजवायची आणि निघायचं, असं मी ठरवलं होतं.

त्यांच्या घरासमोर गाडी लावली तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. स्वयंपाकघराची खिडकी समोरच होती. आत दिवा लागला होता. काका टेबलाशी बसले होते. पुढ्यात पुस्तक, मिटलेलं. शेजारी फोन, स्पीकरवर असणार. ते दोन्ही हात टेबलावर ठेवून फोनकडे बघत होते. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवला होता. पियानो ऐकत होते.

मी व्हॅनमध्ये बसून राहिलो. खोकं शेजारच्या सीटवर. किती वेळ, ते मोजलं नाही. मग फोन काढला आणि नंबर लावला.

खिडकीत काकांची मान वर झाली. ते उठले. आधी त्यांनी कोट घातला. शर्टाचं वरचं बटण लावलं, दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा लागलं. केसांवरून हात फिरवला. मग बसले, चष्मा चढवला आणि पुस्तक उघडलं. इतके महिने मी मागच्या खोलीत दह्याच्या डब्यांशी उभा राहून ऐकत होतो, आणि हा माणूस माझ्यासाठी कोट घालून वाचत होता.

कोण आहे, असं त्यांनी विचारलं नाही. मागच्या वेळी थांबले होते तिथून पुढे वाचलं. त्या दिवशी नुसती नावं होती. परदेशात नेलेले लोक आपल्या गावी परतले, त्यांची यादी. या घराण्याचे इतके, त्या घराण्याचे इतके. ते एकही नाव न गाळता, पट्टी ओळीखाली धरून वाचत होते. मी काचेतून बघत होतो आणि कानाने ऐकत होतो. आवाज ओठांच्या जरा मागून येत होता.

मग गाण्याच्या सगळ्या ओळी त्यांनीच म्हटल्या. मग प्रार्थना. मी म्यूट काढला. म्हणणार काहीच नव्हतो. फक्त काढला.

ती ओळ आली. ते थांबले.

व्हॅनचा हीटर घरघरत होता. काकांनी मान तिरकी केली. खिडकीकडे बघितलं, कपाळावर हात धरून. बाहेर व्हॅन होती, तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव होतं. त्यांनी हात केला नाही, उठलेही नाहीत. पुन्हा फोनकडे वळले आणि तसेच बसून राहिले. ते नेहमी थांबायचे त्याच्या कितीतरी पट जास्त. काचेवर बर्फ साचायला लागलं होतं. मी वायपर फिरवला, ते तिथेच होते. पुन्हा फिरवला.

शेवटी मला राहवेना. "काका," मी म्हणालो, "पुढे चला."

"घाई नाही," ते म्हणाले. "मला चार वर्षं लागली होती."

आणि त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला, कोटाच्या बाह्या सारख्या केल्या, आणि थांबले.